‘गेलतो’ लिहिणारी बाई

शनिवारी सकाळी पाच जण घाटातल्या एका नाळेत उतरणार होते, आणि शुक्रवारी दुपारी मी राजारामपुरीतल्या सायबर कॅफेत बसून त्यांना तिसऱ्यांदा लिहीत होते, की मोठ्या धोंड्याच्या उजव्या अंगानं जाऊ नका, तिथली कड सुटली आहे. पहिल्या दोन पत्रांना उत्तर आलं होतं. त्या उत्तरानंच माझं डोकं फिरलं होतं.

दोन हजार तीन-चार सालची गोष्ट. डोंगर चढणाऱ्यांचा आमचा एक ई-मेल ग्रुप होता. एकानं पत्र टाकलं की ते सगळ्यांना जायचं. बहुतेक पुण्या-मुंबईचे, कोल्हापूरची मी एकटीच. एका सरकारी कचेरीत मी ट्रेसर होते. इंजिनिअरांनी काढलेले नकाशे पारदर्शक कागदावर शाईनं उतरवायचं काम. सुट्टीला नवऱ्याबरोबर, कधी एकटी, शाहूवाडीकडच्या घाटवाटा तुडवायच्या आणि सोमवारी हातानं नकाशा काढून, स्कॅन करून ग्रुपवर टाकायचा. पाणी कुठं, वाट कुठं फुटते, कुठल्या वस्तीवर कुत्री अंगावर येतात, सगळं. माझ्या नकाशावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवायचे.

मराठी आम्ही इंग्रजी अक्षरांत लिहायचो आणि मी बोलते तसंच लिहायचे. आता कोल्हापुरात बायका ‘मी गेले, मी जेवले’ म्हणत नाहीत. ‘मी गेलतो, मी जेवलो, मी येतो’ असंच म्हणतात. आम्हाला शाळेत फळ्यावर ‘मी गेले’ लिहून देणाऱ्या बाईसुद्धा मधल्या सुट्टीत ‘जेवलो बाई एकदाचं’ म्हणायच्या. इथं मी ‘गेले’ लिहिते आहे ती पुस्तकाची रीत म्हणून. ग्रुपवर माझं टोपणनाव एका सुळक्याचं होतं, त्यात हे ‘गेलतो’ आणि ‘उतरलो’. सगळ्यांनी मला बाप्या धरलं.

“पैलवान, त्या फटीत तुम्ही मावलात कसे?” असं कुणी विचारायचं. मी लिहायचे, “श्वास सोडून मावलो. पुणेकरांनी आधी तोरा सोडावा, मग मावतील.” कुणी म्हणायचं, “राव, तुमच्या पत्रात रश्शापेक्षा तिखट जास्त.” हसायला यायचं. पहिल्यांदा ‘राव’ आलं तेव्हाच मी सांगू शकले असते, की अहो, मी बाई आहे. नाही सांगितलं. लोक माझ्याशी हमरीतुमरीवर येऊन भांडत होते, हरत होते, कधी मला हरवत होते, आणि ते मला आवडत होतं. कचेरीत माझ्याशी कुणी भांडतही नव्हतं.

सर्वांत कडाक्याचं भांडण व्हायचं ते पुण्याच्या एका इंजिनिअरशी. माणूस हुशार, चढाईत पक्का, पण स्वतःचंच खरं करणारा. पावसाळ्यात विषय निघाला अभयारण्याचा. तो लिहायचा, जंगल वाचवायचं तर आतली गावं उठवलीच पाहिजेत. मी लिहिलं, “तुमच्या पेठेत एके काळी रानच हुतं की. तिथनं वाघ गेला तवा कुणाचं घर उठवलंत?” त्यावर आठ दिवस धुरळा. सरकार, पक्ष, मतं, धरणं, सगळं त्यात आलं. शेवटी तो म्हणाला, तुम्ही गावाचं कौतुक लांबून करताय, दोन दिवस तिथं राहून दाखवा. आता ज्या नाळेबद्दल मी पुढं सांगणार आहे तिच्याच माथ्यावरच्या गावाबद्दल तो हे बोलत होता. मी रागाच्या भरात कळफलक बडवला: “त्या गावात मी माझ्या पोराला पाजत बसलोय! मला नगा शिकवू.”

मुंबईचा एक जण लगेच, “पोराला पाजता? राव, वय काय त्याचं? आणि कुठली पाजता?”

मी लिहिलं, “नऊ महिन्याचा हुता. दूध. अंगावरचं.”

त्यानंतर पूर्ण एक दिवस ग्रुपवर एकही पत्र आलं नाही. एवढी शांतता तिथं कधीच झाली नव्हती. मग पत्रांचा पाऊस. काही जण पोट धरून हसले, काहींनी माफी मागितली. इंजिनिअर मात्र भडकला. ‘गेलो, आलो’ लिहून मी त्यांना फसवलं म्हणाला. मी समजावलं, आमच्याकडं बायका असंच बोलतात हो. त्यावर त्यानं एकच ओळ लिहिली: “मग त्या वाटा नक्की कोण उतरलं? तुम्ही की मिस्टर?”

चार वर्षांचे माझे नकाशे, माझे फुटलेले गुडघे, आणि हा विचारतो मिस्टर. नवरा त्यातल्या निम्म्या वाटांवर आलेलाही नव्हता. ग्रुपवर त्याला कुणी काही म्हटलं नाही. उलट एका रात्रीत मी ‘राव’ची ‘ताई’ झाले. ताईशी कुणी भांडत नाही. ताईला सांभाळून घेतात. “ताई, तुमचं बरोबर आहे,” म्हणायचं आणि पुढच्या पत्राकडे वळायचं.

दिवाळीनंतर मी त्या नाळेत एकटी जाऊन आले. नाळ म्हणजे कड्याला पडलेली उभी घळ; देशावरनं कोकणात उतरायची जुनी वाट. मधोमध एक घराएवढा धोंडा अडकलेला आहे. उतरताना त्याच्या उजव्या हाताला वीतभर रुंदीची कड, तिच्यावरनं पाऊल टाकून पलीकडं जायचं, असं माझ्याच जुन्या नकाशात होतं. त्या पावसात कडेखालची माती वाहून गेली होती. कड दिसत होती पहिल्यासारखीच, पण काठीनं दाबली तर हलणाऱ्या दातासारखी हलली. डाव्या हाताला कारवीच्या झुडपांतून वळसा मारला की अर्धा तास जास्त जातो, पण वाट धड आहे. मी तशीच गेले, तशीच आले, आणि सोमवारी ग्रुपवर लिहिलं. कारण इंजिनिअर चार मित्रांना घेऊन त्याच आठवड्यात तिथं जाणार असल्याचं त्यानं जाहीर केलं होतं. हातात माझाच जुना नकाशा घेऊन.

उत्तर आलं: “वहिनी, काळजीबद्दल आभार. मुलं अनुभवी आहेत. वळशाची गरज पडणार नाही.”

वहिनी! मी पुन्हा लिहिलं, जास्त खुलासेवार. त्यानं हसरा चेहरा पाठवला. शुक्रवारी तिसरं पत्र लिहिलं आणि मीच पुसून टाकलं. “जा, मरा तिकडं,” असं मोठ्यानं म्हणाले. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस दचकून बघायला लागला. मग घाबरून मी तेच पत्र पुन्हा लिहिलं आणि पाठवलं. त्याचं उत्तर आलं नाही. इंजिनिअरचा फोन नंबर ना माझ्याकडं, ना ग्रुप चालवणाऱ्याकडं.

घरी नवरा म्हणाला, “तीनदा सांगितलंस की. आता आणि काय करणार? उचलून आणणार हाईस व्हय त्यास्नी?”

“नकाशा माझा हाय,” मी म्हटलं. “त्यात ती कड मीच काढलीया.”

पहाटे त्यानंच मला स्टँडवर सोडलं आणि पोराला बघायला घरी गेला. पहिल्या गाडीनं मलकापूर, तिथनं वडाप, म्हणजे माणशी भाड्याची जीप. वडाप भरेपर्यंत ड्रायव्हर हलेना. माझं सारखं घड्याळाकडं लक्ष. “पावणं, दमानं घ्या की,” तो म्हणाला, “डोंगूर पळून जातोय व्हय?” मी त्याला काय सांगणार? गावात पोचले तर शेवटच्या घरापुढं पुण्याची जीप उभी होती. घरातली मावशी मला ओळखायची.

“पाच पोरं गेली की नाळंत,” ती म्हणाली. “घटकाभर झालं. च्या देतो म्हटलं तर थांबली न्हाईत.”

मी पळत सुटले. नाळेच्या तोंडाशी खालनं बोलणं ऐकू येत होतं, हसणं ऐकू येत होतं. दगड घसरू नयेत म्हणून जपून उतरायचं, की पोचायचं म्हणून धावायचं, हेच कळेना. धोंडा नजरेच्या टप्प्यात आला तेव्हा कडेपाशी लाल टोपी दिसली.

“कडंवर पाय टाकू नगासा!” मी बेंबीच्या देठापासून ओरडले. “डाव्या अंगानं जावा!”

टोपी वर वळली. खालनं कुणीतरी विचारलं, “कोण आहे?” आणि टोपीवाला म्हणाला, अगदी स्पष्ट ऐकू आलं मला, “गावातली बाई आहे कुणीतरी.”

मग त्यानं पाय टाकला.

तो दोन पुरुष उंचीइतका खाली पडला आणि झाडीत अडकला, म्हणून वाचला. मी डावीकडच्या कारवीतून खाली गेले. उजव्या पायाची नळी मोडली होती. कारवीच्या काठ्या लावून माझ्या ओढणीनं पाय बांधला. इतर चौघं पांढरीफटक पडली होती. त्यातल्या एकाला गावात पिटाळलं. लाल टोपीवाला, म्हणजे तोच इंजिनिअर, शुद्धीवर होता. घामानं डबडबलेला. माझ्याकडं बघत म्हणाला, “डावीकडून वाट आहे?”

“मी आत्ता तिथनंच आलो न्हवं का,” मी म्हटलं.

त्यानं डोळे मिटले. मी कोण ते त्याला कळलं होतं.

गावातले सात गडी घोंगडी आणि बांबू घेऊन आले. त्याला डाव्या वाटेनं वर काढेपर्यंत उन्हं कलली. मलकापुरात तात्पुरतं प्लॅस्टर झालं आणि जीप पुण्याला गेली.

महिन्याभरानं त्यानं ग्रुपवर सगळं लिहिलं. काही लपवलं नाही, हे कबूल केलं पाहिजे. इशारा तीनदा मिळाला होता, मी ऐकला नाही, हाक ऐकूनही पाय टाकला, असं सरळ लिहिलं आणि माफी मागितली. शेवटी मात्र ओळ होतीच: अभयारण्याबाबत माझं मत कायम आहे. जित्याची खोड! मला हसू आलं आणि बरंही वाटलं. ग्रुपवर माझ्या कौतुकाचा पूर आला. धाडसी, मोठ्या मनाची, अपमान विसरून धावून गेलेली. वीस-पंचवीस पत्रं होती. मी सगळ्यांना मिळून दोन ओळींत आभार मानले आणि नाळेचा दुरुस्त नकाशा जोडला.

एक गोष्ट मी त्यांना लिहिली नाही. नवऱ्यालाही सांगितली नाही. कड सुटली तेव्हा आधी दगडाचा आवाज आला आणि नंतर त्याची किंकाळी. मध्ये एखादा श्वास घेण्याइतका वेळ गेला असेल. तेवढ्यात माझ्या मनात जे आलं ते भीतीचं नव्हतं. ‘बघ, म्हटलं हुतं न्हवं मी,’ असं आलं. माणूस पडत होता आणि मला आनंद झाला होता.