सयाजीच्या दाराची पट्टी

महाडच्या जुल्फिकार सुताराकडे लोक नव्या कामासाठी क्वचितच येत. जुन्याला जोड हवी असली की त्याची आठवण व्हायची. मस्कतहून परतल्यापासून त्याने हेच धरलं होतं. दाराच्या चौकटीभोवतीची नक्षीची पट्टी कुजली, की उरलेला तुकडा कागदावर ठेवून तो त्याची कड उतरवून घ्यायचा, रंध्याचं पातं कानशीने त्याच आकारात घासायचा आणि अशी पट्टी काढायचा की जुनी कुठली, नवी कुठली ते घरच्यांनाही कळू नये. पन्नाशी उलटल्यावर मात्र एक धास्ती मनात शिरली होती. नजर अधू होतेय. कुणाला तो बोलला नव्हता.

पोलादपूरच्या वर, डोंगराच्या उतारावरच्या वाडीत सयाजीचं घर. लेकीचा, श्रुतिकाचा साखरपुडा ठरलेला आणि पुढच्या दाराची एक पट्टी वाळवीने पोखरलेली.

"जुल्फीभाय, बापाच्या हातची हाय," सयाजी म्हणाला. "तशीच पायजे."

झालीही तशीच. दोन फुगीर गोलाया, मधे खाच. जुल्फिकारने ती ठोकली, वरच्या कोपऱ्याचा तिरका सांधा घट्ट बसला. जेवून येऊन पाहतो तर सांध्यात नख जाईल एवढी फट. आपलाच हात चुकला म्हणून खजील होऊन त्याने पट्टी काढली, कोपरा पुन्हा कापला, पुन्हा बसवली. बाहेर पाऊस लागून राहिला होता. मागच्या भिंतीच्या बुडातून गढूळ पाणी झिरपत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फटीत बोट गेलं.

त्याने काटकोन तपासायचा गुण्या लावून पाहिला. काल काटकोनात असलेली चौकट आज कलली होती. म्हणजे नजर शाबूत होती. गुण्या खाली ठेवून तो सयाजीकडे वळला.

"दादा, जरा दार लावून बघा."

सयाजी जागचा हलला नाही. चुलीपाशी बसलेली त्याची बायको जानकीबाई म्हणाली, "लागत नाय ते. ह्यांनी घासून घेतलं, परत अडकलं. घर कुरकुरतंय म्हणून मी कवाची सांगतेय."

"पावसात लाकूड फुगतंच गो," सयाजी म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

"मीही कालपासून माझाच हात चुकला समजत होतो," जुल्फिकार म्हणाला. "लाकूड नाय, दादा. घर सरकतंय."

जानकीबाईने वाद घातला नाही. चूल विझवली, श्रुतिकाला हाताशी धरलं आणि पावसात बाहेर पडली. सयाजीने गाय सोडली. जुल्फिकारने आसपासच्या घरांना हाका मारल्या. काही आले, काही हसले. वरच्या घरातली गोदूबाई तर दारातून म्हणाली, "सुतारा, पट्टी बसंना म्हणून डोंगराला नावं ठेवतोस व्हय रे?"

संध्याकाळी पोलादपुरात, सयाजीच्या बहिणीकडे निरोप आला. दरड खाली आली होती. गोठा, मागची खोली, चूल, सगळं चिखलाखाली. माणूस कुणी गेलं नव्हतं; वरचं गोदूबाईचं घर दरडीच्या कडेला राहून वाचलं होतं.

पाऊस ओसरल्यावर सयाजी उरलंसुरलं आणायला गेला, तेव्हा जुल्फिकार सोबत होता. भांडी उचलताना वरून धपधप आवाज येऊ लागला. दोघांनी मान वर केली. गोदूबाई स्वतःच्या दाराला खांद्याने रेटत होती. ते लागत नव्हतं.

"फुगलंय मेलं," ती ओरडली आणि पुन्हा रेटू लागली.

जुल्फिकारने हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि तो चढाला लागला.