कॅमेऱ्यावरचं कुंकू

आजही ती गोष्ट आठवली की माझं डोकं सणकतं.

आमच्या एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये लेथवर जॉब, म्हणजे घडवायचा लोखंडी तुकडा, चढवायला रोबोटचा हात आणला होता. त्याच्या मनगटावर काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा, एकदम हलका कॅमेरा. त्याला दोन भिंगं. ट्रेमधला जॉब किती अंतरावर आहे ते तो जवळनं मोजणार, आणि मगच हात खाली जाणार. बसवायला आलेल्या पुण्याच्या साहेबांनी दहादा बजावलं होतं, काचेला बोटसुद्धा लागू द्यायचं नाही.

आणि खंडेनवमीला आमच्या मालकांनी काय करावं? एकेका मशीनला हळदकुंकू लावत आले, रोबोटसमोर थांबले, आणि भक्तिभावानं बरोबर एका भिंगावरच ओल्या कुंकवाचं बोट ओढलं! ताट माझ्या हातात होतं. मी बघितलं, सगळ्यांनीच बघितलं. पण पूजेचं कुंकू पुसायचं कुणी? कुंकू पुसणं म्हणजे काय, ते आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कुंकू तसंच राहिलं.

झाडलोट करणाऱ्या मावशी त्या दिवशी लांब, दाराशी उभ्या होत्या. नवरा वारलेली बाई, पूजेला पुढं यायचं नाही. तसं त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं. त्या आपणहून मागं सरल्या आणि आम्ही सरू दिलं.

दसऱ्यानंतर काम सुरू झालं. पहिल्याच जॉबला अंतर चुकलं आणि हात धाडकन ट्रेवर आपटला. कॅमेऱ्याचा पार चुरा. पुण्याहून साहेब आले, काचेच्या तुकड्यावरचं लाल बघून म्हणाले, "हे कुणी पुसलं कसं नाही?"

मालकांनी सरळ मावशींकडं बोट केलं. "साफसफाई हिच्याकडं हाय. उद्यापासनं येऊ नकोस गं."

अहो, काय ही रीत! चोर सोडून संन्याशाला फाशी! लावलं तुम्ही, बघत बसलो आम्ही, आणि घरी जायचं तिनं?

मावशी एवढंच म्हणाल्या, "मालक, कुंकू लावताना मी चालत न्हाय, आणि पुसायला बरी चालते व्हय?"

मालकांनी मान फिरवली. चौदा गडी उभे होते तिथं. एकाचं तोंड उघडलं नाही, माझंही नाही.

डबा घेऊन त्या निघाल्या तसा मी मागं पळालो. गेटवर गाठलं आणि तोंडाला येईल ते बोलत सुटलो. मालकाला लाज कशी वाटत न्हाय, ताट माझ्याच हातात होतं, मी सोडणार न्हाय, आणि काय काय. मावशींनी सगळं ऐकून घेतलं.

"ते मला कशाला सांगतोयस बाबा?" त्या म्हणाल्या. "आत जाऊन सांग की."

मी तडक आत गेलो. मालक केबिनच्या दारातच उभे होते.

"काय रे?"

"काय न्हाय," म्हणालो, आणि माझ्या लेथवर जाऊन उभा राहिलो.