शनिवारचे गूळ-शेंगदाणे

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी शहरातल्या प्राणिसंग्रहालयात माकडांच्या पिंजऱ्यासमोर दिवसभर बसायचे. कोणतं माकड कोणाच्या उवा वेचतं, हे मला पाहायचं होतं. कुणी बाहेरून खाणं टाकलं, की सगळी माकडं जाळीला चिकटायची आणि माझा दिवस वाया जायचा.

एका शनिवारी पालमहून आत्या भेटायला आली. मारुतीचा वार म्हणून तिनं गूळ-शेंगदाणे आणले होते. ती थेट जाळीकडे निघाली, तशी मी आडवी आले.

"सरक. शनिवारी मारुतीला उपाशी ठेवतीस व्हय गं?"

"त्यांचं जेवण झालंय, आत्या. तू टाकलंस तर माझं काम बुडंल."

"तुझ्या बापानं जल्मभर शेरडं वळली, ती तू माकडं वळावीस म्हणून का?"

भोवतीची माणसं हसली. मला राग आला. बापानं शेरडं वळली म्हणूनच आमच्या घरातली पहिली पदवी माझ्या हाती आली होती, आणि ती मला अशी हसण्यावारी जाऊ द्यायची नव्हती.

"व्हय," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माकडंच वळायलेय. आन् इथं कुणीच काही टाकायचं न्हाई."

आत्या फणकाऱ्यानं बाकावर बसली आणि शेंगदाणे स्वतःच खाऊ लागली. मी मात्र जाळीपुढून हलले नाही.