डॉक्टरीणबाईंची डुलणारी जीप

जुन्या गाड्यांचं एक आहे. एक बोल्ट काढला की त्याच्याबरोबर एक किस्सा बाहेर पडतो. बोल्ट परत जागेवर बसतो, किस्सा मात्र बाहेरच राहतो! मखमलाबाद रस्त्याला भास्करकाकांची शेड आहे. दर रविवारी सकाळी आम्ही जुन्या जीपवाले तिथे जमतो. त्या शेडमध्ये आता गाड्या कमी आणि किस्से जास्त झालेत. त्यातले हे, सगळे एकाच जीपचे.

जीप सुचेताची. सुचेता जनावरांची डॉक्टर. जीप तिच्या वडिलांची, आमच्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा वयानं मोठी. त्र्यंबकच्या पलीकडे हरसूलच्या डोंगरात सुचेता हिच्यातूनच फिरते, कारण तिथल्या पाड्यांवर दुसरी गाडी चढत नाही.

पहिल्यांदा ती शेडमध्ये आली तेव्हा म्हणाली, "काका, स्टिअरिंग जरा लूज आहे."

भास्करकाका कारखान्याच्या टूलरूममधून रिटायर झालेले. आवाज लेथपेक्षा मोठा. "जरा म्हणजे किती ते बघतो," म्हणून जीप घेऊन गेले. हायवेवर वेग घेतला तशी पुढची चाकं थडथड नाचायला लागली. स्टिअरिंग अर्धं फिरवावं तेव्हा कुठे चाकाला खबर! काका परत आले तेव्हा चेहरा पांढराफटक. खाली उतरले, पाणी प्यायले आणि म्हणाले,

"डॉक्टर, हे स्टिअरिंग नाही. हा विनंतीअर्ज आहे. मंजूर करायचा की नाही, ते गाडी ठरवते!"

* * *

आमच्यात नितीन नावाचे एक वकील आहेत. त्यांच्याकडे जीप आहे आणि त्याहून जास्त आत्मविश्वास. ते म्हणाले, "एवढं काय त्यात? स्टिअरिंग बॉक्सवर एक स्क्रू असतो. तो आवळला की प्ले, म्हणजे हा सैलपणा, गेला!"

काका "थांबा, थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी तो पार आवळून टाकला. प्ले गेला. अगदी खरंच गेला. वकीलसाहेब सुचेताची जीप घेऊन ऐटीत निघाले, शेडबाहेर डावीकडे वळले, आणि स्टिअरिंग तिथेच अडकलं. डावीकडे म्हणजे डावीकडेच! जीप रस्ता सोडून सरळ शेजारच्या झेंडूच्या वावरात.

वावरात एक मावशी फुलं तोडत होत्या. त्यांनी शांतपणे कमरेवर हात ठेवले.

"दादा, फुलं पायजे व्हती तं हाक मारायची ना!"

* * *

मग काकांनी शिस्तीत काम हातात घेतलं. एकानं स्टिअरिंग डावं-उजवं हलवायचं, दुसऱ्यानं खाली झोपून प्रत्येक सांध्याला हात लावून बघायचा. कुठला सांधा नुसताच खुळखुळतो आणि पुढे काही पोचवत नाही, ते शोधायचं.

सुचेता म्हणाली, "खाली मी जाते."

मी स्टिअरिंग हलवत होतो, त्यामुळे वाकून सगळं दिसत होतं. तिनं डोळे मिटले होते. गाईच्या पोटातलं वासरू चाचपावं तसा तिचा तळवा एकेका सांध्यावरून सरकत होता. मध्यभागी हात थांबला. "हलव परत. परत." मग म्हणाली, "इथे."

तो पुढच्या अॅक्सलच्या वरचा मधला पिव्होट होता. स्टिअरिंगकडून आलेला हुकूम दोन्ही चाकांना वाटून देणारा. काकांनी लगेच मोजायचा डायल लावला. काटा भलताच हलला. दोष अगदी तिथेच!  काकांनी डायल काढून परत लावला, काटा तसाच.

"डॉक्टर, तुम्ही गाडीची सोनोग्राफी केलीत," ते म्हणाले.

"सोपं आहे हो काका. ही लाथ तर मारत नाही," म्हणत ती उठायला गेली आणि चॅसिसवर खाडकन डोकं आपटलं.

खालून आवाज आला, "मारते."

* * *

तो पिव्होट बाजारात मिळेना. कोणीतरी सांगितलं, लासलगावला एका व्यापाऱ्याच्या कांदे साठवायच्या चाळीत तसलीच जीप बंद पडून आहे. आम्ही दोघं गेलो, सुचेता आणि मी. जीप होती. तिच्यात कोंबड्या राहत होत्या.

मालक म्हातारे, बोलायला एकदम तुटक. "थोरल्या भावाची गाडी हाय. तो गेला. हिच्यातलं काही विकायचं नाय."

आम्ही म्हटलं, ठीक आहे. निघता निघता त्यांनी सहज विचारलं, "तुमची गाडी जाते कुठं?" सुचेतानं सांगितलं, हरसूलकडे, पाड्यांवर, जनावरं बघायला.  म्हातारबाबा घरात गेले ते पाना घेऊनच आले आणि स्वतः जीपखाली शिरले.

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही तर नाही म्हणालात!"

"विकायचं नाय म्हनलो," खालून आवाज आला. "द्यायचं नाय असं कुठं म्हनलो?"

* * *

पिव्होट बसला. काकांनी चाकं ज्यांवर वळतात त्या किंगपिनमध्ये नवे शिम, म्हणजे पातळ चकत्या, घातले, चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडचे एंड बदलले, वकीलसाहेबांचा तो स्क्रू मोजून सैल केला आणि दोरी लावून चाकं सरळ केली. ट्रायलला आम्ही पिंपळगावच्या दिशेनं निघालो. मी तिथल्याच एका द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये कामाला, रस्ता पाठ. सुचेता चालवत होती. आणि जीप सापासारखी वळवळत चालली होती!

मी घाबरून काकांना म्हटलं, "अजून दुरुस्त नाही झाली?"

काका मागून ओरडले, "डॉक्टर, आधी हात थांबवा!"

खरंच. इतकी वर्षं ती जीपला सरळ ठेवण्यासाठी सारखं डावं-उजवं करत आली होती, हातांना दुसरं काही माहीतच नव्हतं. तिनं हात स्थिर केले. जीप रेघ मारल्यासारखी सरळ!  बघितलं तर सुचेताच्या डोळ्यांत पाणी.

काका म्हणाले, "गाडी सुधारली. आता तुम्ही सुधरा!"

* * *

आणि हा हरसूलचा.

सकाळी फोन आला. सोनाबाई नावाच्या एका आजीबाईंची गाय अडली होती, वासरू आडवं आलेलं. मला सुट्टी होती, म्हणून मीही सुचेताबरोबर गेलो. हरसूलच्या पुढे पक्का रस्ता संपला. कोरड्या ओहोळात गवताआड एक दगड होता, तो खाडकन खाली लागला, आणि स्टिअरिंग सुचेताच्या हातात गरगर फिरायला लागलं. स्टिअरिंगपासून पिव्होटपर्यंत जाणारा दांडा मधोमध तुटला होता. इंजिन चालू, ब्रेक ठीक, चाकं ठीक. फक्त त्यांना दिशा सांगणारं कोणी नाही.

सोनाबाई वाट बघत ओहोळापर्यंत आल्या होत्या. पाडा वर चढावर. सुचेता म्हणाली, "मी पळत जाते." पण बॅगा, औषधं, वासरू ओढायचं सामान, पाण्याचे कॅन. सगळं वर न्यायला वेळ कुठे होता?

आजीबाई खाली वाकल्या. चाकं हातानं ढकलून बघितली. "दोनी बरोबरच वळतात का?"

"हो," सुचेता म्हणाली.

आजीबाईंनी शेजारच्या वावरातून बैलांचे दोन कासरे मागवले. दोन्हींचं एकेक टोक चाकांना जोडणाऱ्या रॉडला बांधलं, सुचेतानं दुसरी टोकं चॅसिसच्या दोन बाजूंच्या कड्यांतून ओवून वर काढली. मग आजीबाईंनी लुगडं खोचलं आणि बोनेटवर चढून बसल्या.

"तू पाय सांभाळ, बाई. तोंड मी धरते."

सुचेतानं सगळ्यात हळू गिअर टाकला. डावा दोर ओढला की चाकं डावीकडे, उजवा ओढला की उजवीकडे. आजीबाई जिभेनं टक टक आवाज काढत होत्या. "हं, चल राजा. हळू. हळू." बाजूला खोल उतार होता. मी सीटची कड घट्ट धरून बसलो होतो. सुचेता मात्र समोरच्या त्या वाकलेल्या पाठीकडे बघत होती आणि पाठ सांगेल तसे क्लच-ब्रेक दाबत होती.  जीप त्या चढावरून माणसाच्या चालीनं, एकदाही न भरकटता, थेट गोठ्याच्या दारात गेली.

"हो, हो," बैल थांबवावेत तसं आजीबाई म्हणाल्या. जीप थांबली.

पुढचं काम सुचेताचं होतं. खांद्यापर्यंत हात आत, डोळे मिटलेले, कपाळावर घाम. बराच वेळ काही होईना. मग तिनं वासरू आतल्या आत वळवलं, आजीबाईंनी आणि मी दोर ओढला, आणि ते ओलं, काळंभोर वासरू बाहेर येऊन पडलं. क्षणभर निपचित. मग शिंकलं!

सुचेता हात धुवायला गेली. आजीबाईंनी हिरव्या गवताची पेंढी आणून गाईपुढे टाकली. मग दुसरी पेंढी उचलली, अंगणात आल्या, जीपचे कासरे सोडले, बोनेटवर थोपटलं आणि ती पेंढी तिच्या बंपरपुढे ठेवली.