खांद्याला माणसं

मी गाव सोडलं त्या दिवशी माझ्या वडिलांच्या, आबांच्या पाया पडता आलं नाही. सकाळीच आमच्या आळीतली एक म्हातारी गेली होती आणि तिरडी बांधायला नेहमीप्रमाणे आबा गेले होते. मयताला जाऊन आलेल्याने अंघोळ केल्याशिवाय कुणाला शिवायचं नाही, आणि कल्याणची एसटी काही त्यांच्या अंघोळीसाठी थांबणार नव्हती. म्हणून आबा तसेच फाट्यावर आले आणि रस्त्याच्या पलीकडे उभे राहिले. "लांबूनच जा," एवढंच म्हणाले. मी हात जोडले, त्यांनी मान हलवली. आई माझ्याजवळ होती. तिने हळूच बजावलं, "तिकडं कुणाला सांगू नगंस तुला तिरडी बांधता येती म्हणून. त्याच कामाला धरतील." साल त्र्याऐंशी होतं. गाव माळशेजच्या वरच्या अंगाला, आणि मी निघालो होतो उल्हासनगरला, विठ्ठलवाडीच्या एका चाळीत. नोकरी अंबरनाथच्या रंगाच्या कारखान्यात होती.

आईचा सल्ला मी तीन महिने पाळला. मग चार नंबरच्या खोलीतले एक पेन्शनर गेले. अंगणात दोन बांबू पडलेले, भोवती वीसेक माणसं उभी, आणि बांधता कुणालाच येत नव्हतं. एक जण चक्क खिळे शोधत होता. डोकं कुठल्या दिशेला ठेवायचं यावर एक कोकणातला आणि एक खानदेशचा हमरीतुमरीवर आले होते. गावात असा प्रश्नच येत नाही, तिथे सगळ्यांचं चुकलं तरी एकसारखंच चुकतं. इथे प्रत्येकाने आपापली रीत गाठोड्यात बांधून आणलेली आणि बिचारे पेन्शनर मधे पडून. शेवटी मी बाह्या सरसावल्या. त्या दिवसापासून चाळीत आणि पुढे आसपासच्या दोन-चार गल्ल्यांत कुणी गेलं की लोक आधी माझं दार वाजवत. बायको वैतागायची. लग्नाच्या पत्रिका मात्र शेजाऱ्यांना जायच्या.

चाळीच्या मागे परसूसेठ राहायचा. सिंधी, कापडाचा दुकानदार, फाळणीत पोरवयात इकडे आलेला. त्याची सासू गेली तेव्हा मी न बोलावता गेलो. तेवढ्यात कोपऱ्यावरून बँड वाजत आला. मला वाटलं कुणाची तरी वरात आहे. मी धावत जाऊन त्यांना सांगितलं, "इथे मयत झालंय, जरा तरी लाज ठेवा, दुसऱ्या गल्लीने जा." ते निमूट गेले. मी मोठं पुण्याचं काम केल्यासारखा परत आलो, तर सेठ ओट्यावर उभा.

"भाऊ, बाजेवाले को क्यों भगाया?"

"सेठ, म्हातारी गेलीय ना तुमची."

"इसीलिए तो बुलाया था. पोतों के बच्चे देख के गई. आता रडून काय करायचं?"

मग मीच सायकलवरून जाऊन बँडवाल्यांना शोधून आणलं. म्हातारी वाजतगाजत गेली. मला ते अवघड वाटलं आणि, खोटं कशाला सांगू, थोडं आवडलंही. बाराव्या दिवशी त्यांनी तिच्या थोरल्या मुलाला सगळ्यांदेखत पगडी बांधली. आमच्याकडे बाप गेला की मुलाच्या डोक्यावरचे केस काढतात, यांच्याकडे डोक्यावर काहीतरी घालतात. दोन्हींचा अर्थ एकच असावा, आता घर तुझ्याकडे.

कारखान्यात माझ्या पाळीला काळू होता, बारवी धरणाच्या बाजूच्या ठाकूर पाड्यावरचा. त्याच्याकडे पुरायची रीत. त्याचा बाप गेला तेव्हा मी पाड्यावर गेलो. बापाचा कोयता आणि तंबाखूची पिशवी त्याने सोबत दिली होती. मी विचारलं, तुम्ही जाळत का नाही? तो म्हणाला, "जालला तं पोरांना जागा कुठं दावायची?"

आई गेल्यावर, एकोणनव्वदमध्ये, आबांना मी विठ्ठलवाडीला आणलं. त्यांचं मन रमेल असं वाटलं नव्हतं. महिनाभर ते ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडे संशयाने बघत राहिले. मग एकदा मी तिरडी बांधत असताना जवळ आले, माझी एक गाठ बघून तोंड वाकडं केलं आणि सुतळी हातातून काढून घेतली. तिथून पुढे मुख्य कारागीर ते आणि मी हाताखाली. परसूसेठ दुकान नोकरावर टाकून बांबूचं दुसरं टोक धरायला यायचा. त्याला आबांची भाषा अर्धी कळायची, आबांना त्याची तेवढीही नाही. तरी दोघांचं बरं जमायचं.

पण आबांनी मला एक गोष्ट निक्षून सांगितली होती, आणि एकदा नव्हे, दर सहा महिन्यांनी. "मला परक्याच्या खांद्यावर देऊ नको. गावाला ने." मी दर वेळी हो म्हणालो. मनापासून म्हणालो. आपण बापाला परमुलखात आणलं याची बोचणी होतीच, निदान शेवट तरी त्यांच्या मनासारखा करायचा, असं मी ठरवलं होतं.

चौऱ्याण्णवच्या मार्गशीर्षात आबा सकाळचा चहा पिऊन भिंतीला टेकले आणि गेले. मी एसटीडी बूथवर जाऊन गावच्या दूध डेअरीत फोन लावला. चुलतभाऊ बाळू आला. म्हटलं, जीप ठरवतो, दुपारपर्यंत आबांना घेऊन येतो.

"दादा, आणा. न्हाई कोण म्हणतंय? पण उचलायचं कुणी? आळीत म्हातारी हायेत आन मी. तरणी पोरं समदी तुमच्याकडं, न्हाईतर पुण्याला. खांद्याला माणसं तेवढी तिकडनं घिऊन या."

फोन ठेवला. बूथवाल्याने दोनदा हाक मारली तरी मला हलता येईना. ज्या माणसांच्या खांद्यावरून जायचं म्हणून आबा गावाला जाणार होते, ती माणसं माझ्यासारखीच कधीची एसटीत बसून निघून गेली होती.

परत आलो तर अंगण भरलेलं होतं. मी कुणालाही कळवलं नव्हतं. चार नंबरच्या पेन्शनरांचा मुलगा होता. काळू पाळी टाकून आला होता. दुकान बंद करून परसूसेठ आला होता, आणि बांबू, कामट्या, सुतळी, सगळं आणून ठेवलेलं होतं. आबा गेले तेव्हा मी रडलो नव्हतो. ते बांबू बघून रडलो.

जीप सांगायला मग मी गेलोच नाही. मुलाने बापाची तिरडी बांधायची नसते, त्याने विस्तवाचं मडकं धरायचं. म्हणून मी बाजूला बसलो आणि सेठने बांधली. आबांच्या शेजारी पाच वर्षं बसून त्याचा हात तयार झाला होता. दोन ठिकाणी चुकला, ते मी तसंच राहू दिलं. तिरडी उचलताना सेठ आणि काळू पुढे होते. त्यांच्यातलं परकं कोण, हे मी वाटभर स्वतःला विचारत होतो. आबांनी नेमकं कुणाला परकं म्हटलं होतं, हे मी त्यांना विचारलंच नव्हतं.

चिता पेटल्यावर सेठ माझ्याजवळ येऊन बसला. "मेरी माँ उधर सिंध में, शिकारपुर में जली," तो म्हणाला. "फिर कभी देखा नहीं वो जगह. तू तो रोज कामाला याच रस्त्याने जाणार ना?" त्याला सांत्वन करायचं होतं. मी आबांना दिलेला शब्द मोडून तिथे बसलो होतो, मला त्या क्षणी त्याचा राग आला होता, हेही लिहून ठेवतो.

अस्थी गावच्या नदीत सोडल्या. चुलतीने सगळ्यांसमोर सुनावलं, "बापाला परमुलखात जाळलंस." तिथे फोन घेणारा बाळूही बसला होता. ते वाक्य अजून लागतं.

गेल्या वर्षी आम्ही चाळ सोडून बदलापूरला खरवईत फ्लॅट घेतला. बाळू फोनवर म्हणतो, दादा, आता रिटायर झालात ना, गावाला या. त्याला आता उत्तर देतो. बाळू, येऊन करू काय? मी तिथे मेलो की तू इकडेच फोन लावशील, माणसं पाठवा म्हणून. गाव माझं आहेच, त्यात काही बदल नाही. पण घर मला आता एवढंच कळतं, की आपण गेलो तर कुणाला निरोप धाडावा लागू नये. विठ्ठलवाडीत लागणार नाही. खरवईच्या या इमारतीत लागेल, कारण इथे सगळ्यांची दारं बंद असतात आणि नावं फक्त पाट्यांवर असतात. म्हणून इथे कुणी गेल्याचं कानावर आलं की मी चपला घालून निघतो. आतापर्यंत तिघांना पोचवून आलो. परवा जिन्यात एकाने पहिल्यांदा मला नावाने हाक मारली.