नाल्याकाठची कुर्डू

लग्न होऊन मी मोशीला आले तेव्हा सासरची शेती विकून झाली होती. पण पावसाळा लागला की सासूबाई सकाळीच पिशवी घेऊन बाहेर पडायच्या आणि कुर्डू, तांदुळजा, घोळ असं काहीबाही खुडून आणायच्या. माझी मुलगी एरवी पालेभाजीला हात लावत नाही. आजीने लसूण-मिरचीवर परतलेली कुर्डू मात्र ती भाकरीबरोबर पुन्हा मागून खायची.

ही भाजी येते कुठून, हे मी कधी विचारलंच नाही. गेल्या श्रावणात सुट्टी होती म्हणून सासूबाईंबरोबर गेले. रस्ता ओलांडून, कारखान्यांच्या पत्र्याच्या शेडांमागे, सासूबाई नाल्याच्या काठाला उतरल्या. कुर्डू तिथे नुसती माजली होती. पाण्यावर निळसर तवंग होता, उग्र वास येत होता. मी चाकणला एका कंपनीत सांडपाण्याचे नमुने तपासते, तो वास माझ्या ओळखीचा.

तिथेच बोलायला हवं होतं. त्या इतक्या आनंदात खुडत होत्या की मी नुसती पिशवी धरून उभी राहिले. घरी भाजी झाली, मुलगी ताटावर बसली, आणि मी एकदम तिच्यापुढचं ताट ओढलं. कढईतली भाजी तिच्या आजीदेखत कचऱ्यात ओतली.

"आई, विष आहे हे."

सासूबाई चिडल्या नाहीत. "म्या विष घातलं व्हय पोरीला?"

"तसं नाही. तिथलं पाणी खराब आहे."

"मंग आधी सांगायचंस की. तूबी खातच होतीस."

कंपन्यांच्या आसपासच्या नाल्यांत काय असतं, हे घरात फक्त मला ठाऊक होतं. आयती, चवदार भाजी पानात पडत होती, म्हणून मी विचारलं नव्हतं.

मुलीचं रक्त तपासून घेतलं. काही निघालं नाही. सासूबाईंना तसं सांगितलंही. त्यानंतर त्या सकाळच्या बाहेर पडेनाशा झाल्या. बाजारातला पालक आणला तरी जुडी हातात धरून विचारायच्या, "ही कुठल्या पाण्यावरची असंल गं?" ते मलाही माहीत नसायचं.

यंदा आषाढात मी त्यांना माझ्या माहेरी, खेडच्या पुढे, डोंगराच्या उतारावर घेऊन गेले. वर ना वस्ती, ना कारखाना. कोवळी कुर्डू पसरली होती. चालता चालता नुसत्या बोटांनी भाजी ओळखणारी ही बाई प्रत्येक शेंडा माझ्यापुढे धरत होती.

"ही चालंल का?"

"चालेल, आई."

पुन्हा दुसरा शेंडा. "आन् ही?"

पिशवी अर्धीच भरली. घरी येऊन त्यांनी भाजी केली, पूर्वीसारखीच. मुलगी ताट घेऊन बसली तेव्हा पळी माझ्या हातात दिली.

"तूच वाढ," म्हणाल्या, आणि भाकरी थापायला वळल्या.

मी वाढली. मुलीने दोनदा मागून घेतली. दोन्ही वेळा मीच वाढली.