बेअरिंग गेलं हाय

माझ्या बोलण्यावरून मी कुठली ते कुणाला ओळखता येत नाही, याचा मला कित्येक वर्षं अभिमान होता. मी धर्माबादकडच्या एका खेड्यातली. पुण्याला शिकायला गेले तेव्हा हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी काही विचारलं, मी "हाव" म्हणाले आणि खोलीभर हशा पिकला. "हाव? कशाची गं?" हे मग वर्षभर चाललं. त्या हशाचा मी असा धसका घेतला की दिवाळीत घरी आईशीसुद्धा "हो" म्हणायला लागले. आई म्हणाली, "पाव्हणी आल्यावानी बोलून राहिलीस." मला ते कौतुक वाटलं.

पुढे नांदेडला एका संस्थेत लागले. आयटीआय झालेल्या, पण ना ओळख ना वशिला अशा मुलामुलींना कंपन्यांत अप्रेंटिस म्हणून लावून देणं हे आमचं काम. अर्ज भरून द्यायचे आणि मुलाखतीची तयारी करून घ्यायची. तयारी म्हणजे काय, तर मी त्यांची भाषा धुऊन काढायचे. तसं मला कुणी सांगितलं नव्हतं. ते शहाणपण माझं स्वतःचं.

त्या मुलींतली एक मुदखेडजवळच्या गावाहून रेल्वेने यायची. वय चोवीस, वायरमनचा ट्रेड. आईवडील दुसऱ्याच्या रानात मजुरीला. आयटीआय होऊन तिला तीन वर्षं होत आली होती आणि कंपन्यांना लागतात नुकतेच पास झालेले, म्हणजे आता नाही तर कधीच नाही. वर्षभर अप्रेंटिस म्हणून काढलं की वीज खात्याच्या भरतीत तिला उभं राहता येणार होतं. नाहीतर आईच्या शेजारी बसून खुरपं. हे ती स्वतःच सांगायची आणि हसायची. मामाच्या दुकानात पंपाच्या जळालेल्या मोटारींना ती नवी तार भरायची. तिच्याइतकं मोटारीतलं कळणारं आमच्याकडे दुसरं कुणी आलं नव्हतं.

"मॅडम, मोटर बोलती. नुस्तं कान देऊन ऐकायचं."

"बोलती नाही, बोलते."

"हाव, मॅडम."

"हाव नाही. हो."

वर्ग हसायचा. मीही हसायचे. हॉस्टेलची ती खोली मी पुन्हा भरवली होती आणि या वेळी हसणाऱ्यांच्या बाजूला बसले होते, हे तेव्हा लक्षातही आलं नाही. ती पण हसायची, पण आठवड्या-आठवड्याला कमी बोलायला लागली. मला वाटलं, सुधारतेय.

लातूरच्या एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात एकच जागा निघाली. मी तिला घेऊन गेले. मुलाखतीच्या खोलीचं दार उघडंच होतं, मी समोर बाकावर. साहेब साठीकडे झुकलेले, उदगीरकडचे. पहिल्याच वाक्याला कळलं.

"ये माय, बस. भिऊ नको." त्यांनी टेबलावर एक मोटर ठेवली. "हिला काय झालं हाय, सांग बरं."

तिने शाफ्ट हाताने फिरवला, कान जवळ नेला. मला तिचा चेहरा दिसत होता. तिला कळलं होतं, शंकाच नाही.

"बेअरिंग..." ती म्हणाली आणि थांबली. दारातून माझ्याकडे पाहिलं. "बेअरिंग गेलेला... गेलेली आहे..."

"बोल की माय."

ती बोललीच नाही. हात मोटारीवर आणि ओठ घट्ट मिटलेले. तेलही गेलं, तूपही गेलं. तिची भाषा मी काढून घेतली होती आणि माझी अजून तिच्या जिभेवर बसली नव्हती.

तिला बाहेर आवारात पाठवून साहेब माझ्यापाशी आले. "पोरीचा हात चांगला हाय. पर बोलंना. मशिनीवर कायी झालं तर वरडून सांगावं लागतंय. मुकं माणूस कसं घ्यावं?"

तिला परत आत बोलवा, तिचं तोंड मी बंद केलंय, एवढंच सांगायचं होतं. पण ते सांगायचं तर मी कोण, कुठली, हेही सांगावं लागलं असतं. तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "मॅडम पुण्याच्या का?"

"हो," मी म्हणाले. "आणि ती जरा घाबरट आहे."

घाबरट! तिला मी तसं म्हणाले. आजही भाजी निवडताना, दात घासताना तो शब्द अचानक आठवतो आणि मी एकटी असले तरी मान खाली जाते. साहेब "बरं" म्हणाले आणि त्यांनी पुढच्याचं नाव पुकारलं. जागा त्यालाच मिळाली.

परतीच्या एसटीत ती खिडकीपाशी बसली. अहमदपूर मागे पडलं. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "मॅडम, बेअरिंग ते असतं, की ती?"

"ते," मी म्हणाले. "बेअरिंग गेलं हाय."

इतक्या वर्षांनी ते "हाय" माझ्या तोंडून निघालं, तेही जिथे त्याचा कुणालाच उपयोग नव्हता तिथे. ती माझ्याकडे वळली.

"तेच आलं होतं तोंडात," ती म्हणाली. "आल्तं" नाही. "आलं होतं." अगदी मी शिकवलं होतं तसं.